लुकलुकणारं फाटक

चार ट्रान्झिस्टर, दोन लाल दिवे आणि रेल्वेचा दीडशे वर्षांपूर्वीचा एक धडा

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा. तुम्ही सायकलवरून रेल्वेच्या फाटकाशी आला आहात. रुळांच्या कडेला खांब आहे आणि खांबावर दोन लाल दिवे आहेत. गाडी यायची असली की ते आळीपाळीने लुकलुकतात. आत्ता मात्र दोन्ही दिवे बंद आहेत. याचा अर्थ काय?

‘‘सोपं आहे! गाडी येत नाहीये. चला पलीकडे,’’ असं म्हणालात ना? थांबा जरा. दिव्याची तार उंदराने कुरतडली असली तर? बॅटरी उतरली असली तर? तेव्हाही दिवे बंदच दिसणार! म्हणजे एकाच अंधाराचे दोन अर्थ निघाले. एक म्हणजे ‘गाडी नाही’ आणि दुसरा म्हणजे ‘मी बिघडलोय’. यातला कुठला खरा, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाने कसं ओळखायचं?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात रेल्वे फाटकाचं मॉडेल हमखास असतं. पुठ्ठ्याची गाडी, थर्मोकोलचा डोंगर आणि लुकलुकणारे दिवे. बहुतेक वेळा टेबलाखाली एक मित्र लपून बटण दाबत असतो. आपण आज बटणाशिवाय चालणारं फाटक करणार आहोत. गाडी आली की दिवे आपोआप लुकलुकतील. एवढंच नाही, तर रुळाची तार तुटली तरी ते लुकलुकतील. म्हणजे आपलं फाटक स्वतःचं दुखणंही सांगेल. आणि जिथे ते सांगू शकत नाही, ती जागाही आपण शोधून काढू.

बार्शी लाइटचा रूळ

मॉडेल करायचं तर आपल्याच मुलखातल्या गाडीचं करू या. धाराशिव जिल्ह्यातल्या आजी-आजोबांना ‘बार्शी लाइट’ विचारा, त्यांचा चेहरा खुलेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही छोटी रेल्वे उभारली. १८९७ साली ती बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली. तिथून १९०७ मध्ये ती तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. येडशी, ढोकी ही गावं या छोट्या गाडीमुळे रेल्वेच्या नकाशावर आली. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याचं ठाणं असलेल्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद शहरात मात्र ही गाडी कधी आलीच नाही. शहराला रेल्वे मिळाली ती २००७ साली, लातूरकडून ब्रॉडगेज आली तेव्हा. पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, हा रूळ कुर्डुवाडीला जाऊन मिळाला. आता सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या नव्या मार्गाचं काम चालू आहे.

जाता जाता एक गंमत सांगतो. या कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं आणि त्याला नाव दिलं ‘गार्डियन एंजल’, म्हणजे राखणदार देवदूत! माणसाचा जीव वाचवणारं यंत्र कसं असावं, हा विचार त्याच्या डोक्यात पक्का बसलेला दिसतो. आपल्यालाही आज तोच विचार करायचा आहे.

बार्शी लाइटच्या दोन रुळांमधलं अंतर होतं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. याला आपण ४० ने भागू. उत्तर येतं साधारण १९ मिलिमीटर. म्हणजे आपल्या मॉडेलचे रूळ १९ मिलिमीटर अंतरावर ठेवले की मॉडेलचं प्रमाण झालं १ : ४०. याच प्रमाणात ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर अंतरावरचे रूळ ठेवायचे तर मध्ये ४२ मिलिमीटर जागा सोडावी लागेल. छोटी गाडी किती छोटी होती, ते लक्षात आलं?

आता दिव्याचं बघू. दुकानात मिळणारा नेहमीचा एलईडी ५ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याला ४० ने गुणा. २०० मिलिमीटर, म्हणजे २० सेंटिमीटर. परदेशातल्या फाटकांवर असे लुकलुकणारे दिवे असतात, त्यांचा व्यास साधारण २० ते ३० सेंटिमीटर असतो. म्हणजे आपला साधा एलईडी या मॉडेलला अगदी मापाचा आहे. आणखी एक योगायोग बघा. निक होलोन्याक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली पहिला लाल प्रकाश देणारा एलईडी बनवला, आणि तरुणपणी त्याने रेल्वेवर मजुरी केलेली होती!

लुकलुकायचं कशासाठी?

दिवा नुसता लाल लावला तर चालणार नाही का? लाल दिवे तर एसटीच्या मागेही असतात आणि दुकानाच्या पाटीवरही असतात. त्या गर्दीत स्थिर दिवा हरवून जातो. आपला डोळा मात्र हलणाऱ्या गोष्टीकडे लगेच वळतो. पूर्वी फाटकावरचा राखणदार रात्री हातात लाल कंदील घेऊन तो डावीकडून उजवीकडे झुलवायचा. पुढे अमेरिकेत यंत्राने झुलणारा दिवा आला. त्यानंतर दोन दिवे आळीपाळीने लावायची युक्ती निघाली. एक विझतो, दुसरा पेटतो, आणि आपल्याला वाटतं की एकच दिवा झुलतो आहे. म्हणजे आजचे दोन दिवे त्या जुन्या कंदिलाची नक्कलच करतात.

झुलायचं तरी किती वेगाने? अमेरिकेतल्या नियमानुसार प्रत्येक दिवा मिनिटाला ३५ ते ६५ वेळा लुकलुकला पाहिजे. फार हळू लुकलुकला तर धोका कळायला उशीर होतो. फार भराभर लुकलुकला तर झुलण्याचा भास राहत नाही. आपणही हाच आकडा धरून चालू.

दोघींचं एक उखळ

सर्किट समजून घ्यायला आधी ट्रान्झिस्टर म्हणजे काय ते पाहू. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. त्याला तीन पाय असतात. कलेक्टरमधून प्रवाह आत येतो, एमिटरमधून बाहेर जातो आणि बेस ही त्या नळाची चावी. बेसला जरासा प्रवाह दिला की मोठा प्रवाह वाहू लागतो. बेसचा प्रवाह बंद केला की नळ बंद.

आपल्या सर्किटमधले पहिले दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना बांधलेले आहेत. खेड्यात दोघी जणी एकाच उखळात कांडायला बसल्या की काय होतं? एकीचं मुसळ वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं. दोन्ही मुसळं एकदम खाली आली तर आदळतील. इथेही तसंच आहे. पहिला ट्रान्झिस्टर चालू होताना दुसऱ्याला बंद पाडतो. थोड्या वेळाने दुसरा जागा होतो आणि पहिल्याला झोपवतो.

हा ‘थोडा वेळ’ कोण ठरवतं? तर कपॅसिटर आणि रेझिस्टर. कपॅसिटर म्हणजे पाण्याचा रांजण, आणि रेझिस्टर म्हणजे त्यात पडणारी बारीक धार. रांजण ठरावीक पातळीपर्यंत भरला की झोपलेला ट्रान्झिस्टर जागा होतो. रांजण मोठा केला किंवा धार बारीक केली, तर भरायला वेळ लागणारच. त्याचं गणित असं :

वेळ = ०.७ × रेझिस्टर × कपॅसिटर

आपण २२ किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेऊ. २२,००० × ०.००००४७ = १.०३. त्याला ०.७ ने गुणलं की ०.७२ सेकंद. एक दिवा ०.७२ सेकंद, मग दुसरा ०.७२ सेकंद, म्हणजे एक फेरी १.४४ सेकंदांची. मिनिटाचे ६० सेकंद भागिले १.४४, उत्तर साधारण ४२. बसलं ना ३५ आणि ६५ च्या मध्ये? प्रत्यक्षात दिवे याहून थोडे भराभर लुकलुकतील. एलईडी स्वतःसाठी जवळजवळ २ व्होल्ट खाऊन टाकतो, त्यामुळे रांजण लवकर भरतो. घड्याळ लावून मोजा आणि आपल्या वहीत नोंद करा.

रेझिस्टर २२ ऐवजी १० किलोओहमचा घातला तर? मिनिटाला ९० च्या वर, दिवे नुसते थरथरतील. ४७ किलोओहमचा घातला तर? मिनिटाला २० च्या आसपास, पेंगुळलेलं फाटक! हे दोन्ही प्रयोग जरूर करून बघा.

सामान काय काय?

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्याकडे हे सगळं मिळेल. यातला एकही भाग महाग नाही.

– बीसी ५४७ नावाचे ट्रान्झिस्टर : ४
– लाल एलईडी, ५ मिलिमीटरचे : २
– ३३० ओहमचे रेझिस्टर : २ (पट्टे नारिंगी, नारिंगी, तपकिरी)
– २२ किलोओहमचे रेझिस्टर : २ (लाल, लाल, नारिंगी)
– १० किलोओहमचा रेझिस्टर : १ (तपकिरी, काळा, नारिंगी)
– १ किलोओहमचा रेझिस्टर : १ (तपकिरी, काळा, लाल)
– ४७ मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्टचे कपॅसिटर : २
– पेन्सिल सेल : ५, आणि चार सेल बसतील असा होल्डर
– ब्रेडबोर्ड, जोडायच्या बारीक वायरी, आणि उघडी तांब्याची तार दीड मीटर

३३० ओहमच कशाला? बॅटरी ६ व्होल्टची. एलईडीने २ खाल्ले, उरले ४. चार भागिले ३३० म्हणजे ०.०१२ अँपिअर, म्हणजेच १२ मिलिअँपिअर. छान उजेडाला एवढे पुरतात. रेझिस्टर न घालता एलईडी सरळ बॅटरीला जोडलात तर तो क्षणभर झगमगेल आणि मग कायमचा डोळे मिटेल.

आणि एक सक्त ताकीद. हे सगळं फक्त पेन्सिल सेलवर करायचं. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगशी या प्रयोगाचा काडीचाही संबंध नाही.

चला, जोडू या

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावीकडून उजवीकडे क्रम येतो : कलेक्टर, बेस, एमिटर. एलईडीचा लांब पाय अधिक. कपॅसिटरच्या ज्या बाजूला पट्टा असतो तो पाय उणे. एवढं पाठ केलंत की निम्मं काम झालं.

१. पहिल्या एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या अधिक पट्टीत. आखूड पायाला ३३० ओहमचा रेझिस्टर, आणि रेझिस्टरचं दुसरं टोक पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. दुसरा एलईडी याच पद्धतीने दुसऱ्या ट्रान्झिस्टरला.

२. २२ किलोओहमचा एक रेझिस्टर अधिक पट्टीपासून पहिल्याच्या बेसला, दुसरा अधिक पट्टीपासून दुसऱ्याच्या बेसला.

३. एका कपॅसिटरचा अधिक पाय पहिल्याच्या कलेक्टरला आणि उणे पाय दुसऱ्याच्या बेसला. दुसऱ्या कपॅसिटरचा अधिक पाय दुसऱ्याच्या कलेक्टरला आणि उणे पाय पहिल्याच्या बेसला. ही झाली मुसळांची अदलाबदल.

४. दोघांचे एमिटर एकमेकांना जोडा. आता तात्पुरती एक वायर घेऊन ही जोडणी बॅटरीच्या उणे पट्टीला लावा. लागले दिवे लुकलुकायला? शाबास!

नाही लागले? घाबरू नका. एकच दिवा सतत पेटलेला असेल, तर कपॅसिटरचा एखादा पाय भलत्या भोकात गेला आहे. दोन्ही दिवे सतत पेटलेले असतील, तर दोन्ही कपॅसिटर तपासा. एकही दिवा पेटत नसेल, तर आधी एलईडी उलटा लागलाय का बघा, मग सेल.

उलटी अक्कल

आता खरी गंमत. हे दिवे गाडी आल्यावरच लागायला हवेत. पहिल्यांदा सुचणारी युक्ती अशी : रुळावर एक बटण ठेवू, गाडीने ते दाबलं की प्रवाह सुरू आणि दिवे चालू. सरळ, सोपी आणि धोक्याची! वायर तुटली की बटण कितीही दाबलं तरी दिवे बंदच. म्हणजे आपण पुन्हा त्या पहिल्या कोड्यापाशी आलो.

विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरलाही आधी असंच वाटलं होतं. त्याने १८७० साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात स्वयंचलित सिग्नलचं मॉडेल मांडलं. तुमच्या विज्ञान प्रदर्शनासारखंच म्हणा ना! त्यात गाडी आली की प्रवाह सुरू व्हायचा. पण खऱ्या रुळावर ही पद्धत वापरताना तिच्यातली खोट त्याच्या लक्षात आली. तार तुटली किंवा बॅटरी संपली, तरी सिग्नल ‘सगळं ठीक’ म्हणत राहायचा. मग त्याने सगळी योजनाच उलटी केली आणि १८७२ साली तिचं पेटंट घेतलं.

उलटी म्हणजे कशी? रुळांमधून सतत थोडासा प्रवाह फिरत ठेवायचा. रुळाच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला विजेचा लोहचुंबक. प्रवाह येतोय तोवर लोहचुंबक सिग्नल ‘ठीक’वर धरून ठेवतो. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात. प्रवाहाला जवळची वाट मिळते, तो लोहचुंबकापर्यंत पोचतच नाही आणि सिग्नल ‘धोका’ दाखवतो. वायर तुटली? प्रवाह पोचत नाही, म्हणून ‘धोका’. बॅटरी संपली? तरीही ‘धोका’. रूळच मोडला? बहुतेक वेळा तेव्हाही ‘धोका’. म्हणजे ‘सगळं ठीक आहे’ हे सिग्नलला दर क्षणी सिद्ध करावं लागतं. सिद्ध करता आलं नाही की लाल! याला म्हणतात ट्रॅक सर्किट. दीडशे वर्षं उलटली तरी जगभरच्या रेल्वे हा धडा गिरवतात. आपल्याकडे ट्रॅक सर्किटच्या जोडीला चाकं मोजणारे ॲक्सल काउंटरही असतात. जितकी चाकं आत गेली तितकीच बाहेर आली, तरच तो रूळ रिकामा मानायचा.

आपल्या मॉडेलमध्ये लोहचुंबकाचं काम उरलेले दोन ट्रान्झिस्टर करतील.

५. चौथ्या पायरीतली तात्पुरती वायर काढून टाका. जोडलेले दोन एमिटर तिसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला लावा. त्याचा एमिटर उणे पट्टीला. १० किलोओहमचा रेझिस्टर अधिक पट्टीपासून त्याच्या बेसला. दिवे पुन्हा लुकलुकू लागतील. हा तिसरा गडी मुळात ‘धोका, धोका’ म्हणणाराच आहे.

६. चौथ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर तिसऱ्याच्या बेसला, एमिटर उणे पट्टीला. हा चौथा गडी जागा असला की तिसऱ्याच्या बेसचा प्रवाह आपल्याकडे ओढून घेतो आणि त्याला गप्प बसवतो.

७. आता रूळ. लांब पुठ्ठ्यावर आइस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर चिकटवा. त्यांच्यावर ६० सेंटिमीटर लांबीच्या दोन तांब्याच्या तारा १९ मिलिमीटर अंतरावर ताणून बसवा. फाटक एका टोकापासून १० सेंटिमीटर आत ठेवा. त्या टोकाला डावी तार चौथ्याच्या बेसला आणि उजवी तार उणे पट्टीला जोडा.

८. दुसऱ्या टोकाला, म्हणजे जिकडून गाडी येणार तिकडे, एकटा पेन्सिल सेल ठेवा. सेलचं अधिक टोक १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून डाव्या तारेला, उणे टोक उजव्या तारेला.

सेल जोडल्या क्षणी लुकलुकणारे दिवे विझतील. ‘रूळ मोकळा आहे’ हा निरोप चौथ्या गड्याला पोचला!

रिकाम्या आगपेट्यांची गाडी करा. एका डब्याच्या पोटाला ॲल्युमिनियम फॉइलची आडवी पट्टी चिकटवा, दोन्ही तारांना टेकेल अशी. ही आपली चाकं आणि आस. गाडी रुळावर ठेवा आणि हळूहळू ढकला.

फाटकाची परीक्षा

आता आपल्या फाटकाची परीक्षा घेऊ. प्रदर्शनात पाहुण्यांसमोरही ही परीक्षा घ्या. नुसते दिवे दाखवण्यापेक्षा पाहुण्यांना यात जास्त मजा वाटेल.

पहिला प्रश्न : गाडी रुळावर आली. दिवे लुकलुकले. पास!

दुसरा प्रश्न : गाडी काढा आणि रुळाची कुठलीही एक वायर उपटा. दिवे लुकलुकले. पास!

तिसरा प्रश्न : रुळाच्या टोकाचा एकटा सेल काढून घ्या. दिवे लुकलुकले. पास!

चौथा प्रश्न : फॉइलला चिकटपट्टी लावा आणि गाडी रुळावर ठेवा. दिवे बंद! गाडी रुळावर उभी आहे आणि फाटकाला पत्ताच नाही. नापास! खऱ्या रेल्वेलाही ही डोकेदुखी आहे. फार दिवस गाडी न गेलेल्या रुळावर गंज चढला, की चाकांचा आणि रुळाचा नीट संपर्क होत नाही. म्हणून तांब्याच्या तारा अधूनमधून पॉलिश पेपरने घासून लख्ख ठेवा.

पाचवा प्रश्न : मुख्य बॅटरीचे चार सेल काढा आणि मग गाडी आणा. दिवे बंद. पुन्हा नापास!

म्हणजे एवढं करूनही त्या पहिल्या कोड्यातला अंधार थोडा उरलाच. यावर काही देशांनी छान तोडगा काढला आहे. स्वीडन आणि हंगेरीतल्या फाटकांवर लाल दिव्यांच्या जोडीला एक पांढरा दिवा असतो. यंत्रणा ठीक आहे आणि गाडी येत नाही, असं असेल तेव्हा हा पांढरा दिवा लुकलुकतो. गाडी येत असली की लाल. आणि एकही दिवा लागलेला नसला तर? त्याचा अर्थ सरळ आहे : यंत्रणा बिघडली आहे, स्वतःच्या डोळ्यांवर आणि कानांवर भरवसा ठेवा. तिथे अंधार म्हणजे ‘जा’ नव्हे.

आपल्याकडे काय?

आपल्याकडच्या फाटकांवर भिस्त असते ती गेटमनकाकांवर आणि इंटरलॉकिंगवर. इंटरलॉकिंग असलेल्या ठिकाणी फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. बघा, इथेही तोच धडा आहे : आधी सिद्ध करा, मग पुढे जा.

पण बरीच वर्षं आपल्या देशात हजारो ठिकाणी फाटक नावापुरतंच असायचं. आडवा दांडा नाही, राखणदार नाही, रस्ता सरळ रुळांवरून गेलेला. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते इंजिन ड्रायव्हरसाठी असतं : ‘सीटी वाजव, फाटक आलं.’ राखणदार नसलेल्या ठिकाणी त्या शिट्टीशिवाय दुसरा इशारा नसे. २४ जुलै २०१४ रोजी तेलंगणातल्या मासाईपेट इथे अशाच ठिकाणी शाळेची बस रुळांवर आली आणि नांदेडहून सिकंदराबादला जाणाऱ्या पॅसेंजरची तिला धडक बसली. डझनाहून अधिक मुलं गेली. तुमच्याच वयाची, सकाळी डबा घेऊन निघालेली.

त्यानंतरच्या वर्षांत कुठे गेटमन नेमले, कुठे रुळांखालून रस्ता काढला, कुठे दोन फाटकांचं एक केलं. जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवरची राखणदार नसलेली सगळी फाटकं संपवण्यात आली.

आपल्या मोटार वाहन कायद्यातही, १९८८ च्या कायद्याच्या १३१ व्या कलमात, एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. राखणदार नसलेल्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबवायची. कंडक्टरने किंवा बरोबरच्या माणसाने खाली उतरून रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे बघायचं आणि मगच गाडी पुढे घ्यायची. बरोबर कोणी नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं. म्हणजे कायदा दिव्याबद्दल बोलतच नाही. तो म्हणतो, ‘गाडी येत नाही’ हे आधी स्वतः बघून सिद्ध कर.

असं का, याचं एक छोटं गणित करू. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे गाडी पोचण्याआधी निदान २० सेकंद इशारा सुरू व्हावा लागतो. तेवढ्या वेळात गाडी साडेपाचशे मीटर येते. आपल्या १ : ४० च्या मॉडेलमध्ये हे अंतर भरतं १४ मीटर. तुमच्या वर्गातही मावणार नाही एवढं! आणि लोखंडी रुळावरचं लोखंडी चाक ब्रेक लावल्यावर लगेच थांबत नाही. ड्रायव्हरला तुम्ही दिसलात म्हणजे तो थांबू शकेल, असं मुळीच नाही. बंद फाटकाच्या दांड्याखालून सायकल वाकवून नेणाऱ्या दादाला हे १४ मीटर एकदा जमिनीवर मोजून दाखवा.

आता तुमची पाळी

आपलं फाटक पाचव्या प्रश्नात नापास झालं, आठवतंय ना? त्याला पास करायचं काम तुमच्याकडे. स्वीडनसारखा एक पांढरा एलईडी लावा. रूळ मोकळा आणि मुख्य बॅटरी ठीक, तरच तो पेटला पाहिजे. गाडी आली, वायर तुटली किंवा बॅटरी संपली, तर तो विझलाच पाहिजे. तो लुकलुकला नाही, नुसता पेटला तरी चालेल. त्यासाठी एक जादा बीसी ५४७ आणि तीन जादा रेझिस्टर पुरतात. सूचना एवढीच : रुळाचा निरोप ऐकणारा चौथा गडी एकटाच आहे. त्याच्या शेजारी त्याच्यासारखाच आणखी एक बसवला तर? एकाच धारेचं पाणी दोघांनी वाटून घ्यायचं आहे, म्हणून दोघांच्या बेसला स्वतंत्र छोटा रेझिस्टर द्यायला विसरू नका.

जमलं की आधी पाचही प्रश्न पुन्हा विचारा, आणि मगच ते प्रदर्शनाच्या टेबलावर मांडा. कुणी पाहुण्याने विचारलं, ‘‘बाळ, दिवे सगळेच बंद असले तर जायचं का रे?’’ तर काय उत्तर द्यायचं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.